ऑस्लोची रांग आणि बीडचा कोयता

१९६७ च्या वसंतातली गोष्ट. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये नव्यानं कामाला लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरच्या खोलीत आली. फळ्यापुढे दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, काय करावं, असं तिनं विचारलं. ऑपरेटर खोलीबाहेर आली, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, घाबरू नका, डाल आणि न्यूगोर सिम्युलाबद्दल बोलताहेत.

ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या त्या वादावादीतून जे निघालं, ते आज बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकतात. क्लास, ऑब्जेक्ट, व्हर्च्युअल फंक्शन, सगळं तिथलं. परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो: ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेची वैशिष्ट्यं लिहा. उत्तरही ठरलेलं: ॲब्स्ट्रॅक्शन, एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. मुलं चार नावं पाठ करतात, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहितात आणि पास होतात. या चार नावांना माझा आक्षेप आहे. ज्या दोन भाषांनी ही विचारसरणी जन्माला घातली, त्या दोन्ही भाषा जन्मल्या तेव्हा या उत्तराच्या मापात बसत नव्हत्या. मग खरं माप कोणतं? ते शोधायचं तर गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते.

न्यूगोर मूळचा गणिती. १९४८ पासून तो नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होता. तिथं आधी अणुभट्टीची आकडेमोड आणि मग ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मोठ्या यंत्रणांचं कामकाज गणितानं तपासणं, हे त्याचं काम. १९६० मध्ये तो कम्प्युटिंग सेंटरमध्ये आला. बंदर, कारखाना, विमानतळ अशा ठिकाणी वस्तू आणि माणसं कशी पुढे सरकतात, कुठं तुंबतात, एक यंत्र वाढवलं तर काय फरक पडेल, हे प्रश्न सूत्रानं सुटत नाहीत. ती सगळी हालचाल संगणकात घडवून पाहावी लागते. तेव्हा अशा प्रत्येक प्रश्नासाठी नवा प्रोग्राम अगदी मुळापासून लिहावा लागे. न्यूगोरला हवी होती एक अशी भाषा, जिच्यात यंत्रणेचं वर्णन लिहिलं की तोच प्रोग्राम व्हावा. १९६१ मध्ये कल्पना सुचली, ५ जानेवारी १९६२ च्या एका पत्रात तिचा पहिला लेखी उल्लेख सापडतो, आणि त्याच वर्षी युनिव्हॅक कंपनीशी झालेल्या सौद्यात सेंटरला युनिव्हॅक ११०७ हा संगणक सवलतीत मिळाला, तर कंपनीला सिम्युला ही भाषा. लिहिणारा हात प्रामुख्यानं डालचा. प्रोग्रामिंगमधली त्याची पकड विलक्षण होती.

हा प्रश्न बीडच्या वाचकाला परका नाही. गळीत हंगाम ऐन भरात असताना तेलगावच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही साखर कारखान्याच्या गाडीतळावर उभं राहा. ट्रक आहेत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आहेत, टायरच्या बैलगाड्या आहेत. प्रत्येकाला नंबर. नंबर आला की भरलेली गाडी काट्यावर जाते, मग गव्हाणीकडे, मोळ्या उतरल्या की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, मग स्लिप. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात थांबेल तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. दुसरा काटा बसवला तर रांग कमी होईल का? की तुंबारा गव्हाणीशी आहे आणि काटा वाढवून काहीच उपयोग नाही? रात्री बैलगाड्यांना वेगळी रांग दिली तर? सिम्युला जन्माला आली ती नेमक्या अशा प्रश्नांसाठी.

आणि इथंच डालला पहिली मोठी अडचण आली. सिम्युला त्यांनी अल्गोल ६० या भाषेवर उभारायची ठरवली होती. अल्गोलमध्ये प्रोग्रामचा एखादा भाग सुरू झाला की त्याच्यासाठी मेमरीत जागा राखली जाते आणि तो भाग संपला की ती जागा मोकळी होते. सगळ्यात शेवटी सुरू झालेलं सगळ्यात आधी संपलं पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा कणा. गाडीतळावर असं काही घडत नाही. पहाटे आलेल्या ट्रॅक्टरचा टायर बसला तर तो दुपारपर्यंत तिथंच राहतो आणि त्याच्यानंतर आलेल्या दहा गाड्या निघून जातात. प्रत्येक गाडीचं आयुष्य तिचं स्वतःचं. ती कधी आली, कुणाचा ऊस आहे, किती टन आहे, काटा झाला की व्हायचाय, हे तिच्यापाशी राहिलं पाहिजे, ती तळावर असेपर्यंत. १९६३ मध्ये डालनं मेमरी वाटण्याची एक नवी पद्धतच तयार केली. त्या पद्धतीत एखादी गोष्ट जन्म घेऊ शकते, आपल्या आठवणी सांभाळत हव्या तितक्या वेळ राहू शकते आणि कोणत्याही क्रमानं निघून जाऊ शकते. ऑब्जेक्ट नावाच्या कल्पनेचा पाया, माझ्या मते, या कोरड्या वाटणाऱ्या तांत्रिक निर्णयात आहे. पाठ्यपुस्तकं हा भाग वगळतात, म्हणून मी त्यावर थांबलो.

दुसरा पेच अधिक मनोवेधक आहे. सुरुवातीच्या आराखड्यात स्टेशनं आणि ग्राहक असे दोन प्रकार होते. काम करायचं स्टेशनांनी. ग्राहक म्हणजे त्यांच्यामधून ढकलला जाणारा निर्जीव माल. काटा वजन करतो, गव्हाण ऊस ओढते, गाडी बिचारी इकडून तिकडे जाते. पण उलटंही लिहिता येतं की! गाडीच काट्यावर जाते, काट्याला कामाला लावते, गव्हाण गाठते, परत फिरते. कर्ता कुणाला मानायचं? दोघांनी बराच काळ डोकं लावलं आणि निष्कर्ष काढला की हा भेदच चुकीचा आहे. जो कुणी यंत्रणेत आहे, तो स्वतःच्या माहितीसह आणि स्वतःच्या वागणुकीसह आहे. त्यांनी एकच प्रकार ठेवला, प्रक्रिया. पहिली सिम्युला १९६५ च्या सुरुवातीला वापरात आली ती या रूपात.

मग १९६६ च्या अखेरीस वर्ग, म्हणजे क्लास, आणि उपवर्ग सुचले. त्या वेळी दोघांच्या डोळ्यापुढे उदाहरण होतं पुलावरच्या टोल नाक्याचं. रांगेत ट्रक आहेत आणि बसगाड्या आहेत. रांगेच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच, पुढं कोण आणि मागं कोण एवढंच तिला माहीत हवं. पण बसमध्ये प्रवासी असतात, ट्रकमध्ये माल. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरनं त्याच सुमारास नोंदींच्या प्रकारांबद्दल मांडलेले विचार त्यांच्या हाताशी होते. त्यांना उत्तर सापडलं: रांगेत उभं राहण्याचे गुण एका वर्गात लिहा आणि ट्रक, बस हे त्याच्यावर रचलेले उपवर्ग करा. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबूला भरलेल्या परिषदेत त्यांनी हा विचार निबंधातून मांडला. वर्ग, उपवर्ग, ऑब्जेक्ट आणि उपवर्गानुसार बदलणारी व्हर्च्युअल प्रोसीजर, हे सगळं सिम्युला ६७ मध्ये आहे. काय नाही? ऑब्जेक्टच्या आतली माहिती लपवण्याची सोय नाही. बाहेरचा कुणीही आत हात घालून आकडा बदलू शकत होता. ते कुलूप काही वर्षांनी आलं. म्हणजे परीक्षेतलं एनकॅप्सुलेशन पहिल्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत जन्मतः नव्हतं.

आता अमेरिकेत. १९६६ मध्ये ॲलन के हा तरुण यूटा विद्यापीठात दाखल झाला. गणित आणि रेण्वीय जीवशास्त्र शिकलेला. त्याच्यापुढे एक टेप टाकण्यात आली, अल्गोलची म्हणून, ती चालवून दाखव म्हणून. ती निघाली सिम्युला. सोबतचे कागद इतके अगम्य की त्यानं आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं प्रोग्रामची छापील प्रत व्हरांड्यात ८० फूट पसरली आणि तिच्यावर रांगत, ओरडून एकमेकांना सांगत ती वाचली. मेमरीवाटपाचा भाग पाहून त्याला सगळ्यात जास्त नवल वाटलं, म्हणजे डालनं १९६३ मध्ये केलेलं तेच काम. के याला त्यात पेशी दिसल्या. पेशीच्या आत काय चाललंय ते तिचं तिला ठाऊक. बाहेरून फक्त संदेश येतो आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे पेशी ठरवते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड हे नाव त्यानंच त्या सुमारास रूढ केलं.

पुढं झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात त्यानं स्मॉलटॉक ही भाषा आखली. डॅन इंगल्सनं ती १९७२ च्या शरदात प्रथम चालवून दाखवली. तिचं पहिलं गणित होतं तीन अधिक चार. साधं वाटतं, पण त्यामागचा विचार साधा नाही. तिथं तीन हा अंक स्वतः एक ऑब्जेक्ट होता. त्याला ‘अधिक’ हा संदेश गेला, सोबत चार दिला, आणि बेरीज कशी करायची हे तीननं ठरवलं. संपूर्ण भाषेत दुसरं काही नव्हतंच, फक्त ऑब्जेक्ट आणि संदेश. आणि या पहिल्या स्मॉलटॉकमध्ये इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, नव्हता. तो १९७६ च्या आवृत्तीत आला. ॲडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती भाषा मुलांपर्यंत नेली, आणि ऑगस्ट १९८१ च्या बाइट मासिकानं अख्खा अंक तिला वाहिला तेव्हा बाहेरच्या जगाला ती कळली. के यानं नंतरच्या काळात अनेकदा बजावलं की लोकांनी वर्गावर आणि वारशावर भर दिला, मुख्य गोष्ट संदेशाची होती, ती हातची गेली.

तिसरा माणूस डेन्मार्कचा. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुपनं केंब्रिजच्या पीएचडीसाठी सिम्युला वापरली. विचार मांडायला ती त्याला फार आवडली, पण प्रोग्राम इतका हळू चालला की शेवटी तो दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहावा लागला. १९७९ मध्ये बेल लॅबमध्ये गेल्यावर त्यानं ठरवलं की सिम्युलाची रचना सी भाषेच्या वेगाला जोडायची. १९८३ मध्ये व्हर्च्युअल फंक्शन आली, सी प्लस प्लस हे नाव पडलं, १९८५ मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या १० वर्षांत जगभर पसरली. तिच्यात एक अट आहे, आणि ती विसरली जाते: व्हर्च्युअल असं स्पष्ट लिहिलं तरच ऑब्जेक्ट आपलं उत्तर स्वतः निवडतो. नाही लिहिलं तर ते उत्तर आधीच, प्रोग्राम चालण्यापूर्वी ठरलेलं असतं. वेगासाठी मोजलेली ही किंमत त्यानं कधी लपवली नाही.

मग व्याख्येचा वाद पेटला. १९८६ मध्ये पोर्टलंडला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगवरची ऊप्सला ही परिषद पहिल्यांदा भरली. पुढच्याच वर्षी तीन वेगळी मतं मांडली गेली. पीटर वेग्नरनं पायऱ्या केल्या: नुसते ऑब्जेक्ट असतील तर ती ऑब्जेक्टवर आधारलेली भाषा, वर्ग असतील तर वर्गावर आधारलेली, आणि इनहेरिटन्सही असेल तरच पूर्ण ऑब्जेक्ट ओरिएंटेड. स्ट्रॉस्ट्रुपचं म्हणणं होतं की एखाद्या भाषेत एखादी शैली कशीबशी करता येणं वेगळं आणि त्या शैलीला भाषेनं आधार देणं वेगळं. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी तर सेल्फ नावाची भाषाच पुढं ठेवली. तिच्यात वर्ग नव्हतेच. नवा ऑब्जेक्ट हवा तर जुन्याची प्रत करा. आज जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली तेव्हा तिनं वर्गांवाचून, एका ऑब्जेक्टच्या आधारे दुसरा घडवण्याची रीत सेल्फकडून घेतली.

मला वेग्नरच्या पायऱ्या पटत नाहीत. त्या मान्य केल्या तर पहिली स्मॉलटॉक बाद होते आणि सेल्फही बाद होते, आणि ज्या मापानं ॲलन के बाद होतो त्या मापात दोष आहे. स्ट्रॉस्ट्रुपचा भेद मात्र मोलाचा आहे. तो घेऊन मी माझं माप असं मांडतो. गाडीतळाच्या प्रोग्राममध्ये गव्हाण समोरच्या गाडीला एवढंच म्हणते: रिकामी हो. ट्रक असेल तर काय, बैलगाडी असेल तर काय, अशा अटींची माळ गव्हाणीच्या कोडमध्ये असता कामा नये. कसं रिकामं व्हायचं हे गाडीचं गाडीनं ठरवावं, आणि ते त्या क्षणी ठरावं. तिचं वजन काट्यानं तिच्या पोटात हात घालून बदलू नये, विचारून घ्यावं. उद्या छोट्या ट्रॅक्टरची नवी जात तळावर आली, तर गव्हाणीच्या किंवा काट्याच्या कोडमधली एक ओळही बदलायला लागू नये. ज्या भाषेत हे लिहिणं सोपं आणि याच्या उलट लिहिणं अवघड, ती खरी ऑब्जेक्ट ओरिएंटेड. वारसा उपयोगी आहे, वर्ग सोयीचे आहेत, पण दोन्हीवाचून हे साधतं. या मापानं स्मॉलटॉक आणि रुबी या भाषा अव्वल उतरतात. १९९५ ची जावा बरीच जवळ जाते, पण तिच्यात साधे अंक ऑब्जेक्ट नाहीत. सी प्लस प्लसमध्ये हे सगळं लिहिता येतं, मात्र प्रोग्रामरनं प्रत्येक वेळी ते जाणूनबुजून लिहावं लागतं.

महाराष्ट्रात संगणक या भाषांच्या आधीच आला होता. न्यूगोरनं ते पत्र लिहिलं त्याच महिन्यात, जानेवारी १९६२ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं बांधलेल्या संगणकाचं टिफ्रॅक असं नामकरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झालं. टीसीएस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, १९८१ मध्ये तिनं पुण्यात सॉफ्टवेअरचं संशोधन केंद्र उभारलं. पण मराठवाड्यात ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचार पोहोचला तो ना ऑस्लोकडून, ना पालो आल्टोकडून. तो आला सी प्लस प्लसच्या पाठ्यपुस्तकांतून, बालगुरुसामींच्या आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या. कानेटकरांचे उपकार मोठे आहेत. सोप्या इंग्रजीत, चालणाऱ्या उदाहरणांसह लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं. तरी एक नुकसान झालं. वाट एकच, सी प्लस प्लसची असल्यामुळे त्या भाषेत जे आहे तेच या विचाराचं स्वरूप, असं आपल्या अभ्यासक्रमांनी धरून चाललं. वाद गळून पडला आणि चार नावं उरली.

न्यूगोरची गोष्ट मात्र इथं संपत नाही, आणि बीडला तिच्याशी सगळ्यात जवळचं नातं तिच्या पुढच्या भागामुळे आहे. सिम्युला वापरून कंपन्या कारखान्यांची नवी आखणी करू लागल्या. आपल्या साधनानं कामगारांचं काम बदलतंय आणि त्यांना कुणी विचारत नाही, हे न्यूगोरच्या लक्षात आलं. १९७० च्या सुमारास त्यानं नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर प्रकल्प सुरू केला. कामगारांनी स्वतः संगणक समजून घ्यायचा, आपल्या कारखान्यात तो कशासाठी येतोय हे अभ्यासायचं, आणि मग मालकांशी बोलायचं. १९७५ मध्ये नॉर्वेत मालक आणि कामगारांच्या संघटनांमध्ये तंत्रज्ञानाबाबत देशपातळीवर करार झाला, त्याला ही चळवळ कारण होती. २००२ च्या उन्हाळ्यात डाल आणि न्यूगोर सहा आठवड्यांच्या अंतरानं वारले. थोड्याच काळापूर्वी दोघांना मिळून ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला होता.

आता ऊसतोडीकडे या. दसरा उलटला की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणीकडून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. वजन कोयत्याचं, हिशेब कोयत्याचा, खाडा पडला तर कपातही कोयत्याची, आणि पैसे सहसा नवऱ्याच्या हातात. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर या व्यवस्थेनं कोयता हा ऑब्जेक्ट केला आहे, आणि आतली बाई बाहेरून दिसत नाही. तिनं किती तास मोळ्या बांधल्या, किती खेपा डोक्यावर वाहिल्या, किती दिवस आजारी असताना फडात गेली, हे विचारायला संदेशच उपलब्ध नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर खळबळ उडाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तेव्हा सर्वेक्षणात एकेका बाईची वेगळी नोंद घ्यावी लागली, कारण मुकादमाच्या वहीत ती वेगळी नव्हतीच.

डाल आणि न्यूगोर यांनी ज्या प्रश्नावर डोकं खाजवलं, तो हाच. कर्ता कोण, आणि निर्जीव माल म्हणून कुणाला ढकलायचं? ग्राहक हा माल नाही, त्याचंही वागणं त्याचं स्वतःचं आहे, हे त्यांनी १९६० च्या दशकात मान्य केलं तेव्हाच ऑब्जेक्ट जन्माला आला. भाषा कितीही उत्तम असली तरी आत काय ठेवायचं आणि बाहेर काय दाखवायचं हे ती ठरवत नाही. ते लिहिणारा माणूस ठरवतो, आणि त्याच्या निवडीचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात ते बहुधा त्या खोलीत हजर नसतात.

म्हणून बीड जिल्ह्यातल्या संगणकाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या सत्रात बँकेच्या खात्याचं आणि कुत्र्या-मांजराच्या वर्गाचं उदाहरण बाजूला ठेवा. तुमच्या वर्गात ऊसतोड करणाऱ्यांची मुलं-मुली बसलेली आहेत, काही जणांनी पाचटाच्या कोपीत अभ्यास केला आहे. त्यांना गाडीतळाचा प्रोग्राम लिहायला सांगा. गाडी, काटा, गव्हाण, मुकादम, टोळी हे सगळं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि कोयता हा एक ऑब्जेक्ट करायचा की दोन, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. कारण लिहून मागा, आणि गुण त्या कारणाला द्या.